घरात नेटचे दोन रस्ते असतील तर: लिंक स्पीड ओळखून मेट्रिक कसा लावायचा

मुंबईतल्या अनेक घरांत आता इंटरनेटची एकच वायर नसते. केबलवाल्याने हॉलमध्ये आणून दिलेलं फायबर असतं, ते ऐन मीटिंगमध्ये बंद पडू नये म्हणून खिडकीशी ठेवलेला ५जीचा डबा असतो, लॅपटॉपला केबल जोडलेली असते आणि त्याचं वायफायही चालूच असतं. एकाच ठिकाणी जायला दोन-तीन रस्ते असले की कॉम्प्युटरला किंवा राउटरला त्यातला एक निवडावा लागतो. ज्या आकड्यावरून ही निवड होते, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्या रस्त्याचा मेट्रिक लहान, तो रस्ता आधी.

हा आकडा पुष्कळदा यंत्र स्वतःच ठरवतं, आणि ठरवताना लिंक स्पीडकडे बघतं. लिंक स्पीड म्हणजे तुमच्या मशीनचं पोर्ट आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचं पोर्ट यांच्यात ठरलेला वेग. त्याचा तुमच्या प्लॅनशी संबंध नाही आणि पुढच्या इंटरनेटशी तर मुळीच नाही. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरची वेगमर्यादेची पाटी वाचून सायनला किती वाजता पोहोचू ते कळत नाही, तसंच हे आहे. तरीही हा आकडा फार कामाचा आहे, कारण वायरीतला बिघाड सगळ्यात आधी त्यात दिसतो. म्हणून लिंक स्पीड वाचायला शिका, त्यावरून वायर दुरुस्त करा, पण रस्ता निवडायचं काम त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: लिंक स्पीड वाचा

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये जा, ईथरनेट, म्हणजे केबलची जोडणी, उघडा. खालच्या तपशिलात लिंक स्पीड लिहिलेला असतो. वायफायसाठी त्याच पानावर वायफायचे गुणधर्म उघडा. तिथे येण्याचा आणि जाण्याचा असे दोन वेगळे आकडे दिसतात.

मॅकवर ऑप्शनची कळ दाबून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘टीएक्स रेट’, म्हणजे पाठवण्याचा वेग, दिसतो. अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात लिंक स्पीड सापडतो. लिनक्सवर केबलसाठी ‘ईथटूल’ ही कमांड आणि वायफायसाठी ‘आयडब्ल्यू’ ही कमांड वापरा. ईथटूलच्या उत्तरात स्पीडच्या ओळीखाली डुप्लेक्सची ओळ असते, तीही वाचा. डुप्लेक्स म्हणजे डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी जातो (फुल) की एका वेळी एकाच दिशेने (हाफ). तिथे ‘फुल’ हवं. ‘हाफ’ दिसलं तर स्पीड कितीही असो, आधी ते निस्तरा.

केबलवर तीनच आकडे नेहमी भेटतील: १०, १०० आणि १०००, म्हणजे मेगाबिट प्रति सेकंद. नव्या मशीनवर २५०० दिसू शकतो. वायफायवर मात्र आकडा सारखा हलतो. दोन अँटेनांच्या वायफाय ५ वर ८० मेगाहर्ट्‌झची रुंदी मिळाली तर ८६६ दिसतो, वायफाय ६ वर १२०१. बेडरूमचं दार लावलं तरी तो खाली येतो. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींच्या जाड भिंतींमागे तर आणखीच. म्हणून वायफायचा आकडा एकदाच बघून लिहून ठेवण्यात अर्थ नाही. जिथे बसून काम करता तिथेच, दारं नेहमी असतात तशी ठेवून, काही मिनिटं तो बघत राहा आणि त्यातला खालचा आकडा धरा.

पायरी २: आकडा कमी असेल तर आधी वायरीकडे बघा

दोन्ही टोकांची पोर्टं गिगाबिटची आहेत, तरी लिंक स्पीड १०० दाखवतो, ही मुंबईत वारंवार दिसणारी गोष्ट आहे. कारण केबलच्या आत आहे. केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. उरलेल्या चार तारांपैकी एक जरी तुटली, किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी १००० टिकत नाही. बरीच यंत्रं अशा वेळी मुकाट १०० वर उतरतात. नेट चालू राहतं, कुठे लाल दिवा लागत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या सोसायट्यांमध्ये केबलवाल्याने जिन्यातल्या स्विचमधून किंवा गच्चीवरून जी वायर खाली सोडलेली असते, तिच्यात कधीकधी चारच तारा क्रिंप केलेल्या, म्हणजे कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या असतात. त्या काळी १०० पुष्कळ होतं, म्हणून तसं केलं गेलं. दुसरं कारण आपल्या हवेत आहे. समुद्राची दमट, खारी हवा आणि जूनपासूनचा पाऊस यांनी गॅलरीतल्या किंवा गच्चीवरच्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. पावसाळ्याचे पहिले काही दिवस गेले की एकदा लिंक स्पीड वाचून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. केबलवाल्याशी बोलतानाही ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘लिंक १००वर पडली आहे, कनेक्टर बदलून द्या’ असं म्हटलं की काम लवकर होतं, कारण काय करायचं ते त्याला तिथल्या तिथे कळतं.

घरातली वायर तुम्हाला स्वतः बदलता येते. वायरीच्या अंगावर छापलेलं वाचा: कॅट ५ई किंवा कॅट ६ हवं. कॅट ५ई वर गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे फ्लॅटसाठी ती पुरेशीच आहे, उगाच महाग वायर घेऊ नका. क्रिंपिंगचं पक्कड, कनेक्टर आणि आठही तारा तपासणारा छोटा केबल टेस्टर, हे सगळं ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर मिळतं. टेस्टरवर आठ दिवे क्रमाने लागले की तारा जागच्या जागी आहेत.

इथे एक सावधगिरी. स्पीड वर येत नाही म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एका टोकाला ‘१०० फुल डुप्लेक्स’ असं सक्तीने लावू नका. दोन्ही टोकं आपापसात बोलून वेग ठरवतात. एक टोक बोलायचं थांबलं की दुसऱ्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि ते हाफवर जातं. मग लिंक चालू दिसते आणि जरा भार आला की रखडते. दोन्ही टोकांना ‘ऑटो’च राहू द्या.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४च्या आसपास अडकते, तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा तुकडा आहे. १०० च्या ईथरनेटवर प्रत्यक्ष डेटा साधारण तेवढाच जातो. गिगाबिटवर तो ९४० पर्यंत जातो. तो तुकडा वायरीतच असेल असं नाही. स्वस्त राउटरचं वॅन पोर्टच, म्हणजे बाहेरून येणारी वायर जिथे लागते ते, १०० चं असू शकतं, आणि तसं असेल तर कितीही कनेक्टर बदलून उपयोग नाही.

पायरी ३: तुमचं मशीन या आकड्याचं काय करतं ते समजून घ्या

ही पायरी शांतपणे वाचा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ चालू असतो. लिंक स्पीडचे गट पाडून विंडोज प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे केबलच्या किंवा वायफायच्या जोडणीला, आकडा देतं. केबलवर २०० मेगाबिटपासून २ गिगाबिटच्या आतल्या लिंकला २५ मिळतात, म्हणजे आपलं नेहमीचं गिगाबिट इथे बसतं. ८० ते २०० च्या गटाला ३५ मिळतात. वायफायचा तक्ता वेगळा आहे: ५०० मेगाबिट ते २ गिगाबिटला ३०, २०० ते ५०० ला ३५, १५० ते २०० ला ४०, आणि त्याखाली वाढत जातो.

आता हे दोन तक्ते शेजारी ठेवा. केबल गिगाबिटवर आहे: २५. वायफाय ८६६ वर: ३०. केबल जिंकते, सगळं ठीक. मग एक दिवस कनेक्टरमधली एक तार सुटते, केबल १०० वर येते आणि तिचा मेट्रिक ३५ होतो. वायफाय ३० वरच असतं. वायफाय जोडलेलं राहिलं असेल तर केबल लावलेली असूनही सगळी वाहतूक वायफायवरून जायला लागते. बेडरूममध्ये मीटिंग अडखळते आणि आपण केबलवाल्याला दोष देतो, खरं तर मेख टेबलामागच्या कनेक्टरमध्ये असते. ८६६ म्हणजे प्रत्यक्षात तेवढं मिळतं असंही नाही. वायफायवरची हवा सगळ्यांच्या वाट्याची असते, शिवाय डेटाच्या पाकिटांची पोच द्यावी लागते, त्यामुळे जवळ बसूनही साधारण निम्मा ते साठ टक्केच हाती येतो. शेजारच्या वीस घरांचे राउटर त्याच चॅनेलवर असतील तर त्याहून कमी. विंडोजच्या तक्त्याला यातलं काहीच दिसत नाही.

दुसरा सापळा स्टॅटिक आयपीचा, म्हणजे हाताने दिलेल्या पक्क्या पत्त्याचा. पत्ता राउटरकडून आपोआप मिळत असेल तर गेटवेच्या, म्हणजे राउटरमधून बाहेर जायच्या, रूटचा स्वतःचा आकडा शून्य असतो, आणि एकूण मेट्रिक इंटरफेसइतकाच राहतो. पत्ता आणि गेटवे हाताने भरलात की रूटला २५६ चिकटतात. २५६ आणि २५ मिळून २८१. प्रिंटरसाठी किंवा कॅमेऱ्यासाठी केबलला पक्का पत्ता दिला आणि तेव्हापासून लॅपटॉप वायफायवरून जायला लागला, याचं कारण हेच. पक्का पत्ता हवा असेल तर तो राउटरमध्येच त्या मशीनसाठी राखून ठेवा.

आपल्याकडे काय चालू आहे ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘राउट प्रिंट’ हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पहिला स्तंभ चारही शून्यांचा असलेल्या ओळी म्हणजे बाहेर जायचे रस्ते. शेवटच्या स्तंभात ज्याचा आकडा लहान, त्यावरून तुमचं नेट जातंय.

लिनक्सची तऱ्हा वेगळी. जोडण्या सांभाळणारा तिथला नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम लिंक स्पीड बघतच नाही. केबलला १००, वायफायला ६००, मोबाइल डेटाला ७००, असं तो प्रकारावरून ठरवतो. मला ही पद्धत घरासाठी अधिक शहाणी वाटते, कारण ती हलत नाही. त्यात एक चांगली सोय आहे: बाहेर इंटरनेट मिळतंय का हे तपासणं चालू असेल आणि एखाद्या लिंकवर ते मिळत नसेल, तर तिच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवले जातात. ‘आयपी रूट’ या कमांडच्या उत्तरात २०१०० दिसलं तर घाबरू नका, केबल जोडलेली आहे पण तिच्यापलीकडे नेट नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅकवर वेग आणि आकडे दोन्ही बाजूला ठेवून सेवांचा (वायफाय, ईथरनेट अशा जोडण्यांचा) क्रम लावायचा असतो, वरची सेवा आधी.

पायरी ४: खरा वेग मोजा

घरातल्या घरात मोजायला ‘आयपर्फ ३’ हे मोफत साधन घ्या. एक मशीन राउटरला केबलने जोडा आणि त्यावर ते सर्व्हर म्हणून चालू करा. दुसऱ्या मशीनवरून त्याच्या पत्त्याकडे चाचणी चालवा. एक चाचणी १० सेकंदांची असते. मग उलट दिशेनेही चालवा, कारण वायफायवर दोन दिशांचे वेग फार वेगळे असू शकतात. आधी फक्त केबलवर, मग केबल काढून फक्त वायफायवर. दिवसा एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा मोजा. रात्री सगळ्या इमारतीत टीव्ही आणि मोबाइल चालू असतात, तेव्हाचाच आकडा खरा धरा.

पॉवरलाइन अडॅप्टर वापरत असाल, म्हणजे विजेच्या वायरीतून नेट नेणारं यंत्र, तर मोजणं टाळूच नका. त्याचं पोर्ट लॅपटॉपला गिगाबिट सांगू शकतं, पण भिंतीतल्या वायरीतून प्रत्यक्षात त्याचा बारीकसा हिस्साच जाऊ शकतो. लॅपटॉपला फक्त पोर्टपर्यंतचं दिसतं. मेश राउटर, म्हणजे घरभर डबे ठेवून वायफाय पसरवणारा राउटर, असेल तर त्याच्या बेडरूममधल्या डब्याचंही तसंच. तुमची केबल त्या डब्यापर्यंत १००० ची, आणि डब्यापासून हॉलपर्यंतचा प्रवास हवेतून.

पायरी ५: मेट्रिक हाताने लावा

विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, आयपी आवृत्ती ४ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत; नवी ती आवृत्ती ६) निवडा, पुन्हा प्रॉपर्टीज, मग अॅडव्हान्स्ड. ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण काढा आणि आकडा भरा. केबलला १०, वायफायला ५०. आकडे चिकटून देऊ नका, मध्ये जागा ठेवा, म्हणजे पुढे हॉटस्पॉट किंवा व्हीपीएन मध्ये घालायचा झाला तर घालता येतो.

हेच सगळं आयपी आवृत्ती ६ साठीही करा. नवशिके इथेच थांबतात. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर आवृत्ती ६ सर्रास आहे, बऱ्याच ब्रॉडबँडवरही आहे, आणि दोन्ही असतील तर ब्राउझर बहुतेक वेळा आवृत्ती ६ आधी घेतो. फक्त ४ चा मेट्रिक बदललात तर अर्धी वाहतूक जुन्याच रस्त्याने जात राहील आणि तुम्हाला वाटेल बदल लागलाच नाही.

लिनक्सवर ‘एनएमसीएलआय’ या कमांडने त्या कनेक्शनचा रूट-मेट्रिक बदला, तोही दोन्ही आवृत्त्यांसाठी, आणि कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा. मग ‘आयपी रूट’ने खात्री करा.

दोन कनेक्शनं असतील तर राउटरवर काय करायचं

फायबरचा डबा आणि ५जीचा डबा, दोन्ही राउटरच्या पोर्टांना केबलने लागतात आणि दोन्हीकडे लिंक स्पीड १००० दिसू शकतो. फायबरचा प्लॅन १०० चा असेल, ५जी सकाळी ३०० आणि रात्री ४० देत असेल, राउटरला त्याचा पत्ता नाही. घोडं इथेच पेंड खातं. या जागी लिंक स्पीडवरून मेट्रिक ठरवणारी कुठलीही योजना निरुपयोगी आहे. मेट्रिक तुम्हीच द्यायचा.

ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर असलेल्या राउटरवर दोन्ही वॅन इंटरफेसच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये गेटवे मेट्रिक असतो. मुख्य कनेक्शनला १०, दुसऱ्याला २० द्या. पण एवढ्याने पुरत नाही. मुंबईत फायबर तुटतं ते रस्त्याच्या खोदकामात, तुमच्या हॉलमध्ये नव्हे. हॉलमधल्या डब्याची आणि राउटरची लिंक तशीच १००० वर उभी राहते आणि राउटर बंद रस्त्यावरून पाकिटं पाठवत राहतो. त्यासाठी ‘एमवॅन ३’ हे पॅकेज बसवा. ते दोन्ही रस्त्यांवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करतं, म्हणजे छोटी हाक मारून उत्तराची वाट बघतं, उत्तर आलं नाही तर तो रस्ता बाजूला काढतं, आणि उत्तरं परत येऊ लागली की घेतं. पिंगसाठी दोन-तीन वेगळे पत्ते द्या, एकच पत्ता गप्प झाला म्हणून रस्ता मेला असं ठरू नये.

दोन्ही रस्ते एकाच वेळी वापरायचे असतील तर त्यातच प्रत्येकाला वजन देता येतं, आणि ते तुम्ही मोजलेल्या रात्रीच्या वेगाच्या प्रमाणात द्यावं. एक डाउनलोड त्यामुळे दुप्पट वेगाने होणार नाही, कारण वाटणी जोडणीनुसार होते. बँकेची साइट मध्येच लॉगआउट करत असेल तर एचटीटीपीएसच्या (सुरक्षित साइटच्या) नियमात ‘स्टिकी’, म्हणजे एकदा धरलेला रस्ता न सोडणं, चालू आहे ना ते बघा. मध्येच पत्ता बदललेला बँकांना आवडत नाही.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी

लिंक स्पीड वाचून मेट्रिक आपोआप बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहायचा मोह होतो, आणि शिकण्यासाठी ती चांगलीच आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, प्रत्येक इंटरफेसचा वेग ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘स्पीड’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. तिथे धोका असा की वेग माहीत नसेल तर त्यात वजा १ येतो. जुन्या कर्नलवर हाच ‘माहीत नाही’ ६५५३५ किंवा ४२९४९६७२९५ असा दिसतो. मोठा आकडा चांगला, एवढंच तुमची स्क्रिप्ट पाहत असेल तर तिच्या लेखी बंद पडलेली केबल घरातली सर्वांत वेगवान लिंक ठरेल. म्हणून आधी लिंक चालू आहे का ते विचारा, मग आकडा ओळखीच्या गटांत बसतो का ते तपासा, आणि बसत नसेल तर ठरलेला मधला मेट्रिक द्या. वायफायसाठी ही फाइल वाचायला गेलात तर चूकच परत येते. तिथे ‘आयडब्ल्यू’कडूनच बिटरेट, म्हणजे वायफायचा लिंक स्पीड, घ्या.

वायफायचा बिटरेट सेकंदागणिक बदलतो, म्हणून त्यावर थेट मेट्रिक बांधू नका. रस्ता सारखा इकडून तिकडे उडत राहील आणि प्रत्येक वेळी चालू कॉल तुटेल. नवा वेग निदान एक मिनिट टिकला तरच मेट्रिक बदला, आणि वर जायची अट खाली यायच्या अटीपेक्षा कडक ठेवा.

घरात तीन-चार राउटर एकमेकांशी बोलत असतील तर हे काम करणारे तयार प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी आपसांत रस्ते ठरवायचे नियम, आहेत. त्यातला बॅटमॅन ५ वेगावरच चालतो: वायफायचा अंदाज ड्रायव्हरकडून घेतो, केबलचा वेग ईथटूलच्या मार्गाने, आणि काहीच कळलं नाही तर १ मेगाबिट धरतो. पॉवरलाइनसारख्या फसव्या लिंकसाठी त्यात वेग हाताने लिहून द्यायची सोय आहे, ती जरूर वापरा. २०२१ मध्ये आरएफसी ८९६६ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून प्रमाण झालेला बेबल वेगाच्या मागे लागत नाही. त्याच्या बेबलडी या प्रोग्राममध्ये केबलची मूळ किंमत (मेट्रिकसारखाच आकडा) ९६ आणि वायफायची २५६ असते, आणि वायफायवर पाकिटं हरवू लागली की ती किंमत वाढत जाते. सुरुवात करणाऱ्याने बेबल घ्यावा असं मी सांगेन, कारण काही न बदलताही त्याचे निर्णय समंजस असतात. ओएसपीएफ हा आणखी एक प्रोटोकॉल वापरायचाच असेल तर त्याची संदर्भ बँडविड्थ, म्हणजे ज्या आकड्याला लिंक स्पीडने भागून किंमत निघते तो, तपासा. सिस्कोच्या यंत्रांवर ती मुळात १०० मेगाबिट असते, त्यामुळे १०० ची आणि १००० ची लिंक दोघींची किंमत १ च येते आणि प्रोटोकॉलला त्यांच्यातला फरक कळत नाही. ती वाढवलीत तर सगळ्या राउटरवर सारखीच वाढवा.

यातला कोणताही बदल अंगाशी आला तर परत फिरणं सोपं आहे. विंडोजमध्ये ‘ऑटोमॅटिक मेट्रिक’ची खूण दोन्ही आवृत्त्यांसाठी पुन्हा करा, लिनक्सवर रूट-मेट्रिक वजा १ करा, आणि राउटरवर बदल करण्याआधी बॅकअपची फाइल उतरवून ठेवा. ती फाइल लॅपटॉपवर ठेवा, कारण नेट गेलेलं असताना क्लाउडवरची फाइल उघडत नाही.